बोकडानं खाल्लेलं पुस्तक

मी आजवर पुष्कळ खोटं बोललो, पण बहुतेक सगळं चालता चालता. खांद्यावर पुस्तकांची पिशवी, पायाखाली नेर ते राळेगावची धूळ, आणि पुढचं घर पाणी देईल की कुत्रं सोडेल याचा भरवसा नाही. अशा वेळी तोंड चालत राहिलं तर पाय चालतात. एकदा नेरच्या स्टँडवर माझी गोष्ट संपेना म्हणून ड्रायव्हरनं एसटी चाळीस मिनिटं थांबवून ठेवली होती. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा. तो वारला, पण विचारा.

त्यांतली एकच गोष्ट महागात पडली. मला नाही, लालसिंगला.

लालसिंग राठोड आणि मी अकरा वर्षं जोडीनं फिरलो. आम्ही ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती. दारोदार जाऊन आरोग्याची आणि धर्माची पुस्तकं विकायची, आणि जिथं आमच्या मंडळीची पाच-दहा घरं असतील तिथं शुक्रवारी दिवस मावळायच्या आत पोचायचं, हा आमचा धंदा. कारण शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारचा बुडेपर्यंत आमचा शब्बाथ. त्यात काम नाही, विक्री नाही, एसटीचं तिकीट काढणंसुद्धा नाही.

आणि मी काय सांगितलं? तर म्हणे, लालसिंगनं ऐन शनिवारी बाजारात एका पाटलाला आरोग्याचं पुस्तक विकलं आणि बदल्यात बोकड घेतला. त्या बोकडानं वाटेत पिशवीतलं दुसरं पुस्तक पुठ्ठ्यासकट खाल्लं. तेव्हापासून बोकड तंबाखूचं पान हुंगेना, पहाटे उठून डोंगराला फेरी मारू लागला, आणि शनिवारी त्यानं चरायचं बंद केलं. मालकानं मोडलेला शब्बाथ बोकडानं पाळला!

नेरला लोक हसले. यवतमाळला बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. राळेगावला मला ती गोष्ट दोनदा सांगायला लावली.

लालसिंगनं विकलं होतं काय? नाही. बोकड होता काय? तोही नाही. त्या शनिवारी लालसिंग बोरी अरबला आमच्या मंडळीतल्या विमलताईंच्या ओसरीवर तापानं फणफणला होता, आणि त्याच्या कपाळावरचं ओलं फडकं मीच बदलत होतो.

पण गोष्ट तोंडातोंडी पुढं जाताना बोकड वाटेत गळाला आणि ‘शनिवारी विकलं’ तेवढं आमच्या पुस्तकविक्रीच्या साहेबांच्या कानावर पोचलं. साहेबांनी लालसिंगला बोलावून साधं विचारलं, खरं काय ते सांगा. लालसिंगनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच खोलीत होतो. दोन शब्द पुरले असते. पण मी हसलो. मला वाटलं, गंमत आहे, निघून जाईल. लालसिंगनं पिशवी टेबलावर ठेवली, म्हणाला, “ज्याले इचारावं लागते, त्याची पिशवी मी कायले वाहू?” आणि गेला.

याला आठ वर्षं झाली. त्यानं बोरी अरबात सायकलींचं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. प्रार्थनेला यायचं सोडलं. मी मात्र एकटा फिरत राहिलो. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी संध्याकाळी पाय असे सुजतात की चप्पल काढली तरी चप्पल घातल्यासारखी वाटते.

आमच्यात दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन असतं. भाकर-द्राक्षरस घ्यायच्या आधी एकमेकांचे पाय धुवायचे. बाया बायांचे, पुरुष पुरुषांचे. मोठा-लहान कुणी नाही. वाकायचं आणि धुवायचं. यंदा एकदा ते बोरी अरबला होतं, विमलताईंच्या घराशेजारच्या टिनाच्या खोलीत. पुरुष आम्ही तिघेच: विमलताईंचे मालक रामराव, यवतमाळहून आलेले तरुण पास्टर कपिल, आणि मी. त्या दोघांची जोडी लागली. मी उरलो.

“काका, मी तुमचेही धुतो,” पास्टर म्हणाले.

“तुमी बसा,” विमलताई म्हणाल्या. खोली त्यांची, घमेलं त्यांचं, त्यामुळे पास्टर बसले. “सदाशिवभाऊ, तुमचा जोडीदार गावातच हाये. आना त्याले.”

“ताई, तो येनार नाही.”

“मंग तो काहून येत नाही, थे तरी सांगा सगळ्यायले.”

मी उठलो.

लालसिंगचं दुकान बंद होतं. शनिवार. आठ वर्षांत त्यानं प्रार्थनेच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता, पण शनिवारी दुकानाची फळीही कधी काढली नव्हती. बोरी अरबातली पंक्चर झालेली सायकल रविवारपर्यंत भिंतीला टेकून राहते, हे गावात पोरासोरांना माहीत. तो आत खाटेवर बसला होता.

“विमलताईनं बोलावलं,” मी म्हणालो.

“तिनं बोलावलं, का तुले जोडी नाही म्हनून आला?”

“दोन्ही.”

“सद्या, थे गोष्ट जिथं जिथं सांगतली ना, तिथं जाऊन सांग का खोटी होती म्हनून. नेर, यवतमाळ, राळेगाव. शब्बाथच्या दिवशी, सगळ्यायसमोर, उभा राहून. मंग येतो.”

“लालसिंग, माझे पाय पाह्य जरा.”

“पाह्यले. पंक्चरवाला हावो मी. हवा कुठून गेली थे मले समजते.”

मी एकटाच परतलो. त्या दिवशी मी भाकर घेतली नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला तीन महिने होते. आधी नेर गाठलं. प्रार्थनेनंतर उभा राहिलो आणि म्हणालो, “लालसिंगची आणि बोकडाची ती गोष्ट खोटी आहे.” सगळी मंडळी खदखदली. मागून कुणीतरी ओरडलं, “आता बोकडानं आपला जबाब बदलला काय, सदाशिवराव?” मीही हसलो. सवय. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं की मी काहीच सांगितलं नव्हतं.

यवतमाळला तर पोरांच्या वर्गानं त्या गोष्टीचं नाटुकलंच बसवलेलं. वर्ग घेणारी प्रेरणा मोठ्या हौसेनं म्हणाली, “काका, तुम्ही आलात ते बरं झालं, पुढंच बसा!” पुठ्ठ्याची शिंगं बांधलेलं एक पोरगं वर्तमानपत्र खाण्याचा अभिनय करत होतं, आणि गळ्यात पिशवी अडकवलेलं दुसरं, म्हणजे लालसिंग, शनिवारी पुस्तक विकल्याबद्दल बोकडापुढं कान धरून उठाबशा काढत होतं. टाळ्या पडल्या.

“प्रेरणा, हे खोटं आहे बाई. लालसिंगनं विकलं नव्हतं.”

“तुम्ही पण ना काका! आता म्हणाल, लालसिंगच नव्हता.”

तिच्या लेखी बोकड आणि लालसिंग सारखेच. दोन्ही मीच बनवलेले.

त्यानंतर पंधरा दिवस मी कुठं गेलो नाही. पाय मिठाच्या पाण्यात ठेवून बसून राहिलो. थकवा पायांत होता तोवर ठीक होतं. आता तो जिभेवर आला होता.

राळेगावला पोचलो तेव्हा गंमत करायला अंगात जीवच नव्हता, आणि तेच कामी आलं असावं. मी उभा राहिलो. बोकडाचं नावच घेतलं नाही. म्हणालो, लालसिंग राठोड नावाचा माणूस बोरी अरबला राहतो, पंक्चर काढतो. त्या शनिवारी तो तापानं पडला होता, मी त्याच्याजवळ बसलो होतो. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोलीत होतो आणि बोललो नाही. त्याचं काम सुटलं. एवढंच.

कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं विचारलं, “मंग इतके वर्सं काहून नाही सांगतलं?”

“बाई, लोक हासत होते.”

“म्हंजे आमची चूक?”

“नाही. मले थे आवडत होतं.”

म्हातारीनं मान फिरवली. मला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. बरंच झालं. मग नेरला पुन्हा गेलो, यवतमाळला पुन्हा गेलो, आणि तेच कोरडेठाक शब्द पुन्हा सांगितले. नेरला दोन माणसं मध्येच उठून गेली. यवतमाळला प्रेरणानं एवढंच केलं, की लालसिंगचा फोन नंबर मागून घेतला.

बोरी अरबला प्रभुभोजनाच्या शनिवारी मी टिनाच्या खोलीत जाऊन बसलो. रामराव आणि पास्टर यांचं धुऊन झालं. विमलताई दाराकडं पाहत होत्या. मी पाहत नव्हतो. पाहायची हिंमत कुठून आणू? माझ्यापुढचं घमेल्यातलं पाणी निवत चाललं.

लालसिंग उशिरा आला. धुतलेला सदरा, केसांना तेल. सरळ माझ्यासमोर बसला, चपला काढल्या, आणि म्हणाला, “यवतमाळहून फोन आलता. पोरगी रडून राह्यली होती. नाटकाची माफी मांगे. तिले समजवता समजवता अर्धा घंटा गेला. खोटं बोलला तू, अन् घसा बसला माहा.”

“काय म्हने ती?”

“इचारे का, तुमी खरंच इकलं नव्हतं ना?” तो थांबला. “म्या म्हनलं, नाही बाई. तिनं ठीक हाये म्हनलं.”

मी वाकलो. गुडघे टेकायला वेळ लागला. एक टेकला की दुसरा उठत होता. लालसिंगनं पाय घमेल्यात घातला आणि लगेच बाहेर काढला.

“पानी थंडंगार हाये हे.”

“तुमीच उशिरा आले ना, भाऊ,” विमलताई म्हणाल्या. घमेलं उचलून त्या पाणी तापवायला चुलीकडं गेल्या. पास्टर पुस्तकात बोट घालून थांबले. मला आता उठता येईना, म्हणून मी तिथंच, त्याच्या उघड्या पायांपुढं, जमिनीवर बसून राहिलो. त्याच्या टाचांना ग्रीसच्या काळ्या भेगा होत्या.

“बोला ना काई, सदाशिवभाऊ, पानी तपेपर्यंत,” रामराव म्हणाले. “तुमी असल्यावर एवढं चुपचाप बरं नाही वाटत.”

“नको,” लालसिंग म्हणाला. “बसू द्या त्याले तसाच.”

मी बसलो. चूल धुपत होती, लाकडं ओली असावीत. पाणी तापायला फार वेळ लागला.