खुंटीवरचा उजवा जोडा

मित्रांनो, मी एक जुना जोडा आहे, तोही अर्धाच, उजव्या पायाचा. चौऱ्याऐंशी साली देवीदासने मला पांढुर्ण्याच्या बाजारातून घेतले. तिगावजवळच्या संत्र्याच्या बगीच्यात तो मजुरीला जाई. काटे, चिखल, ऊन, सारे मी सोसले. तेव्हा मी सुखी होतो.

त्याच्या दहा वर्षांच्या मुलीला, रजनीला, मिरगी यायची. पहिल्यांदा आली तेव्हा शेजारी म्हणाले, जोडा हुंगवा. मला तिच्या नाकाशी दाबले आणि दोन मिनिटांत पोर शांत झाली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, पण नाव माझे झाले! गुणाचा जोडा म्हणून देवीदासने मला खुंटीवर टांगले आणि स्वतः अनवाणी फिरू लागला. मीही फुगलो, खोटे कशाला बोलू?

सौंसरच्या डॉक्टरांकडेही त्याने मला पिशवीतून नेले. ते हसले नाहीत. म्हणाले, आपले जुने वैद्य याला अपस्मार म्हणत. स्मार म्हणजे आठवण, अप म्हणजे दूर गेलेली. इंग्रजीतला एपिलेप्सी हा शब्द ग्रीकांकडून आला, त्याचा अर्थ पकडणे. बाहेरचे कोणी माणसाला धरते, असे त्या लोकांना वाटे.

“नाव राहिलं, पण धरणारा कोणी नाही,” डॉक्टर म्हणाले. “मेंदूचं काम घडीभर बिघडतं. रोज गोळी द्या. झटका आला तर कुशीवर वळवा. जोडा नको.”

देवीदासने त्यातले पकडणे तेवढे घरी आणले. गोळ्यांनी सहा महिने झटका आला नाही. त्याला वाटले, गुण माझाच. गोळ्या बंद झाल्या. खरे सांगायला मला तोंड कुठे आहे?

एका दुपारी रजनी बगीच्यातल्या पाटात उपडी पडली. पाणी वीतभर. सोबतची कलाबाई तिला उचलायला धावली, तर देवीदासने तिला अडवले. धरलेल्याला शिवले की ते शिवणाऱ्यालाही धरते, असे त्याला वाटे.

“हात नोको लावू, कलाबाई. तिले धरलं आहे. मी जोडा घेऊन येतो.”

आणि तो माझ्यासाठी अर्धा कोस पळाला. परतताना मी त्याच्या मुठीत होतो. त्या मुठीचा घाम अजून माझ्या चामड्यात आहे.

कलाबाई हात मागे धरून तशीच उभी होती. देवीदासने रजनीला उताणी केले, मला तिच्या नाकाशी दाबले. खूप वेळ दाबले. श्वास नव्हता.

मी अजून खुंटीवर आहे, तो अजून अनवाणी आहे. घरात कोणी मोठा श्वास घेतला की मला तिचाच वाटतो आणि मी दचकतो.

मित्रांनो, कोणी असे पडले तर हात लावा. पाण्यातून ओढा, कुशीवर वळवा, जवळ बसा. माझ्यासाठी कोणी पळू नका.