मुदत संपलेली किल्ली

बाबांचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांचे आजार परक्यांना कळू नयेत म्हणून मेल डिजिटल किल्लीनं कुलूपबंद करायला ते साठीनंतर स्वतःच शिकले. ते गेल्यावर महिन्यानं त्यांच्या मेलमध्ये माझ्या लाडाच्या नावाचा कप्पा सापडला : चिऊ. आत अकरा पत्रं, स्वतःच स्वतःला पाठवलेली, सगळी कुलूपबंद. विषयाची ओळ तेवढी उघडी राहते. शेवटच्या पत्राचा विषय होता, 'ती दोन वर्षं मी तुझ्याशी का बोललो नाही'.

मी दुकान सोडून नोकरी धरली तेव्हाची ती दोन वर्षं. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

किल्लीचा पासवर्ड त्यांच्या डायरीत होता. दुपारी मेल सांभाळणाऱ्या होस्टिंग कंपनीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शिरले. किल्ल्यांच्या पानावर एकच किल्ली, आणि तिच्यापुढं लाल अक्षरांत : मुदत संपली.

आमच्या घरात मुदत संपलेली वस्तू क्षणभर ठेवत नाहीत. आठव्या वर्षापासून मी फळीवरच्या गोळ्यांच्या तारखा तपासत आले. 'आधी काढ, मग बोल,' बाबा म्हणायचे. मी किल्ली काढून टाकली. नक्की ना, असं पॅनेलनं विचारलंही. मग त्याच नावानं, त्याच पासवर्डनं नवी बनवली. तिनं एकही पत्र उघडेना.

होस्टिंगवाल्यांना फोन लावला.

"मॅडम, नाव-पासवर्ड तेच असले तरी नवी किल्ली वेगळीच असते. मुदत संपलेल्या किल्लीनं जुनी पत्रं उघडतात. नवी तेवढी बंद करता येत नाहीत."

"बॅकअप असेल ना?"

"मेलचा आहे. किल्ल्यांचा आम्ही ठेवत नाही. घरी दुसरी प्रत असेल बघा."

दादानं कपाट, लॅपटॉप, पेनड्राइव्ह, सगळं पालथं घातलं.

"बाबा आणि दुसरी प्रत? दुकानाच्या कुलपाची दुसरी किल्ली मला वीस वर्षांत दिली नाही त्यांनी." मग हळूच म्हणाला, "जरा थांबायचंस गं."

"थांबायला शिकवलं कुणी आपल्याला?"

तो पालथं घातलेलं कपाट पुन्हा लावू लागला.

आई शेजारी खुर्ची ओढून बसली, चष्मा पुसून तयारीत.

"वाच शेवटचं."

मी विषयाची ओळ वाचली.

"बरं. पुढं?"

पुढं पडदाभर अक्षरं आणि आकडे होते, एकालाही अर्थ नसलेले. मी ते खालपर्यंत सरकवत नेले.

"अक्षर लागत नाहीये," मी म्हणाले.

"त्यांना लागायचं," आई म्हणाली. "कुठल्याही डॉक्टरचं."

तिनं चष्मा काढला नाही. माझ्याकडं बघत वाट पाहत राहिली.