नबवियाची शेवटची तीन प्रकरणं

अम्मानच्या वितरकाचा फोन ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी आला. ऐमन बोलता बोलता उभा राहिला, मग खुर्चीवर चढला, आणि फोन ठेवल्यावर त्याने खिडकी उघडून खाली बटणं विकणाऱ्या घरमालकाला ओरडून सांगितलं, "आम्ही परदेशी निघालो!" बटणवाला म्हणाला, "भाडं देऊन जा."

ऐमन माझा मामेभाऊ. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी अलेक्झांड्रियाच्या मन्शिया भागात, माझ्या वडिलांच्या कापडधंद्याच्या बंद पडलेल्या कचेरीत, प्रकाशन सुरू केलं. जागा तिसऱ्या मजल्यावर होती, म्हणून नावही 'तिसरा मजला'. खून, भुतं, गायब झालेली माणसं असलीच पुस्तकं आम्ही काढायचो, खिशात मावतील एवढी. साहित्याच्या बैठकांत आमचं नाव निघालं की लोक हसत. आमच्या पुस्तकांची पानं भाजक्या बियांच्या पुड्यांना बरी, असं एका मोठ्या प्रकाशकाने माझ्या तोंडावर सांगितलं होतं.

आम्हाला तारलं ते नबवियाने. नबविया म्हणजे बहरी वस्तीतली इस्त्रीवाली विधवा. गल्लीतले कपडे तिच्याकडे येतात आणि खिशातली चिठ्ठी, कॉलरचा डाग, उसवलेली शिवण बघून ती खुनी शोधते. पोलीस तिच्या दुकानात आधी पँट घेऊन येतात आणि मग हळूच प्रश्न विचारतात. तिला जन्म दिला उस्ताज वहीद फर्गली यांनी. बंदरातल्या जकात कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. सहा वर्षांपूर्वी कडक इस्त्रीचा सदरा घालून, निळ्या शाईत लिहिलेली वही घेऊन ते तीन जिने चढून आले आणि धापा टाकत म्हणाले, "एवढं चढल्यावर नाही म्हणू नका." आम्ही नाही म्हटलं नाही. आता आठ पुस्तकं झाली होती.

अम्मानला आठही हवी होती, प्रत्येकाच्या दोन हजार प्रती. शिवाय नववं जानेवारीत, कैरोच्या ग्रंथमेळ्यात. तिथे पहिल्यांदाच आमचा स्वतःचा गाळा असणार होता. आजवर आम्ही दुसऱ्याच्या टेबलाचा कोपरा मागून बसत आलो होतो.

मी लगेच उस्ताजना फोन लावला.

"उस्ताज, नबविया अम्मानला निघाली!"

"तिकडे थंडी असते. तिला म्हणावं, शाल घे." मग म्हणाले, "मालकीणबाई, सतरा प्रकरणं झालीत. तीन राहिली. पण खुनी अजून कबुली देत नाहीये."

"मग दोन थोबाडीत द्या त्याच्या."

ते खूप हसले. त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्य मी ऐकलं ते त्या दिवशी शेवटचं.

शुक्रवारी सकाळी दाढी करताना ते न्हाणीघरात कोसळले. त्यांच्या बायकोने, हाज्जा तफीदांनी, मला फोन केला तेव्हा त्या रडत नव्हत्या, रागावलेल्या होत्या. "अर्धी दाढी राहिलीय. या डॉक्टरांना सांगतेय, आधी तोंडावरचा फेस पुसू द्या, तर मला बाहेर काढतायत."

उजवी बाजू गेली. जीव वाचला. तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा त्यांना सगळं समजत होतं. माणसं ओळखायचे, विनोदाला डोळ्यांनी हसायचे. फक्त बोलणं गेलं होतं. एकच शब्द उरला होता आणि तो म्हणजे 'बरोबर'.

हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. मी खाटेपाशी बसले, हात हातात घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग न राहवून विचारलं, "उस्ताज, खुनी कोण? भागीदार हिल्मी ना?"

"बरोबर," ते स्पष्ट म्हणाले.

मी ट्राममधूनच ऐमनला फोन केला. "मिळाला! हिल्मी!" नवव्या पुस्तकात अन्फूशीच्या मासळी बाजारातला लिलाववाला मारला जातो, आणि हिल्मी त्याचा भागीदार. पटण्यासारखं होतं. ऐमनने छापखान्याशी तारीख ठरवली, मुखपृष्ठ इंटरनेटवर जाहीर केलं. वाचकांनी त्याखाली आपापले अंदाज लिहायला सुरुवात केली. दोन दिवसांत चारशे अंदाज आले. एवढी चर्चा आमच्या कुठल्याच पुस्तकाची झाली नव्हती.

पुढच्या खेपेला मी वही घेऊन गेले, हिल्मीने खून कसा केला हे विचारायला. "सुरीने?" बरोबर. "गळा दाबून?" बरोबर. मी मुद्दाम तिसरंच नाव घेतलं. "उस्ताज, खुनी बाजारातला बर्फवाला आहे का?"

"बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हाज्जा दारात उभ्या होत्या. "चहा हवा का विचारलं तरी बरोबर. जाऊबाई मेली सांगितलं तरी बरोबर. आधी मला वाटलं, चाळीस वर्षांनी एकदाचं माझं पटायला लागलं."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण ऐमन रोज विचारायचा, अम्मानवाले आठवड्याला विचारायचे, आणि माझ्याही मनात लोभ होता. अकरा वर्षं लोक आम्हाला हसले होते. मी एकेका संशयिताच्या नावाची पुठ्ठ्याची चिठ्ठी केली. हिल्मी, बर्फवाला, मेलेल्याचा मेहुणा शाकिर, लिलावाचा कारकून. आठवड्यातून तीन दुपारी जायचे, त्यांच्या डाव्या हाताशी चिठ्ठ्या मांडायचे आणि म्हणायचे, "फक्त बोट ठेवा, उस्ताज." ते एकेका चिठ्ठीकडे खूप वेळ बघत. एकदा शाकिरवर बोट ठेवलं, लगेच उचललं. एकदा चारही गोळा करून छातीशी धरल्या. डाव्या हातात पेन दिलं तर एक वाकडी रेघ ओढली आणि तिच्याकडे असे बघत राहिले, जणू ती दुसऱ्याच कुणी ओढली होती.

नोव्हेंबरच्या शेवटी, वादळाचा वारा सुटलेल्या एका दुपारी, त्यांनी चिठ्ठ्यांवर हात मारला. सगळ्या जमिनीवर उडाल्या. तोंडातून "बरोबर, बरोबर, बरोबर" निघत होतं आणि चेहरा नाही, नाही म्हणत होता. हाज्जा स्वयंपाकघरातून धावत आल्या. हाताला माशाचे खवले लागलेले.

"ऊठ," त्या मला म्हणाल्या. "चल, आत चल."

स्वयंपाकघरात त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पुन्हा सुरी हातात घेतली.

"पोरी, तू त्यांना काय विचारतेयस, कळतंय का तुला? त्यांना माहीत नाहीये."

"हाज्जा, त्यांना सगळं समजतं. डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टरांना नबविया माहीत आहे का? त्यांना कधीच माहीत नसायचं. आठही पुस्तकांत नव्हतं." त्यांनी माशाचं पोट फाडलं. "दुपारी मी इथे मासे साफ करायची, भाजी निवडायची. ते त्या दारात खुर्ची टाकून लिहिलेलं वाचून दाखवायचे. सतरा-अठरा प्रकरणं झाली की विचारायचे, तफीदा, कोण वाटतो? मी सांगायची, अमुक. की मग ते खूश! म्हणायचे, तुला तो वाटतो ना, मग तो नाही. मी ज्याचं नाव घेतलं तो सुटला. मग उरलेल्यांतून कोण ते शोधत बसायचे."

"आणि या वेळी?"

"या वेळी मी नाव घेतलंच नाही. गुरुवारी म्हणाले, सतरावं ऐक. माझं गुडघ्याचं दुखणं वर आलं होतं. म्हटलं, कटकट करू नका, तुमच्या त्या नबवियाला सांगा माझे गुडघे शेकायला." त्यांनी सुरी खाली ठेवली. "गेले गपचूप. वही मिटून गेले."

महिनाभर मी एका आजारी माणसाकडे त्याच्याकडे नसलेली गोष्ट मागत होते, तीही चिठ्ठ्या मांडून, पोलिसासारखी. आणि 'माझ्याकडे नाहीये' एवढं म्हणायला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

मी बाहेर गेले आणि त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "बरोबर." त्या दिवशी तो शब्द ठीक बसला. आम्ही तिघंही हसलो, आणि मग हाज्जांनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून मी चिठ्ठ्या नेल्या नाहीत. त्यांची खाट आम्ही दारापाशी सरकवली, स्वयंपाकघर दिसेल अशी. मी त्यांची वही पहिल्या प्रकरणापासून मोठ्याने वाचायला लागले. हाज्जा काम करता करता मध्ये बोलायच्या. "ही शाकिरची बायको खोटारडी आहे." "बर्फवाल्याला मुलं किती? आधी तीन होती, आता चार कुठून आली?" ती चूक खरीच होती, मी ती दुरुस्त केली. उस्ताज डोळे मिटून ऐकत. आठ दिवसांनी सतरावं प्रकरण संपलं. मी वही मांडीवर ठेवली.

"विचार ना," हाज्जा मला म्हणाल्या. "त्यांना विचारता येत नाही तर तू विचार."

"हाज्जा, कोण वाटतो?"

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "हिल्मी," त्या म्हणाल्या. "तो भागीदार. दुसरं कोण?"

उस्ताजांचा अर्धा चेहरा हसला. डावा हात उठला आणि हवेत आडवा हलला. हिल्मी सुटला.

पुढे शोधणं माझ्यावर आलं. मी संपादक, लेखक नाही. दुसऱ्याच्या वाक्यातला जास्तीचा शब्द मला लगेच दिसतो, पण कोऱ्या कागदापुढे मी तीन दिवस नुसती बसले. शेवटी मला लिलावाचा कारकून सापडला. तो रोज दुसऱ्यांच्या मासळीचे भाव ओरडायचा आणि घरी कुणी त्याचं ऐकत नसे. अठरावं प्रकरण लिहून मी त्यांना वाचून दाखवलं. एकोणिसावं वाचताना, जिथे नबविया कारकुनाच्या सदऱ्याला शेवटची इस्त्री करून देते आणि मगच पोलिसांना बोलावते, तिथे ते रडायला लागले. आवडलं म्हणून की माझ्या हातून तिचं काही बिघडलं म्हणून, हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलं. ते म्हणाले, "बरोबर."

विसावं प्रकरण त्यांनी ऐकलं नाही. जानेवारीच्या चार तारखेला पहाटे दुसरा झटका आला आणि हाज्जा जाग्या होईपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारच्या नमाजानंतर त्यांना पुरलं. बंदरातले जुने कारकून आले होते, सगळे कडक इस्त्रीच्या सदऱ्यांत.

परतताना ऐमन माझ्याशेजारी चालत होता. त्याचे डोळे सुजले होते, तरी त्याला विचारावंच लागलं. "मिर्वत, शेवटच्या प्रकरणांचं काय करायचं? सगळी त्यांचीच म्हणून छापू या. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"तुझं नाव घालायचंय का?"

"नाही. पण खोटं नाही बोलायचं."

आम्ही रस्त्यात उभे राहून भांडलो. शेवटी हाज्जांना विचारलं. त्या म्हणाल्या, "माणूस जिथे थांबला तिथे लिहा, थांबला. त्यात लाज कसली?" सतराव्या प्रकरणाखाली आम्ही छापलं: वहीद फर्गली यांनी इथपर्यंत लिहिलं. पुढचं दुसऱ्या हातचं आहे; त्यातलं शेवटचं प्रकरण त्यांनी ऐकलं नाही.

मेळ्यात आमच्या गाळ्यासमोर रांग लागली. मृत्यूची बातमी पुस्तकाच्या आधी पोचली होती. पहिल्या चार दिवसांत आणलेल्या सगळ्या प्रती संपल्या, अलेक्झांड्रियाहून गाडी भरून आणखी मागवाव्या लागल्या. लोक पुस्तक छातीशी धरून मला सांगत होते, मी दहावीत असताना पहिलं वाचलं, माझ्या आईला दवाखान्यात वाचून दाखवलं. पुड्यांचं बोललेले ते प्रकाशक येऊन माझ्याशी हस्तांदोलन करून गेले. मी रिकाम्या खोक्यांमागे गेले तर तिथे ऐमन आधीच बसलेला, तोंडावर हात धरून. मी त्याच्याशेजारी बसले. बाहेर मुली ओरडत होत्या, "नबविया संपली का?"

नंतर पत्रं आली. बऱ्याच जणांना फरक कळला नव्हता. मन्सूरामधल्या एका शिक्षिकेने मात्र लिहिलं, 'अठराव्यापासून नबविया कुणाची थट्टा करत नाही. तिला काय झालं?' ते पत्र मी ऐमनला दाखवलं नाही.

त्या वर्षी आम्ही वाढलो. तळमजल्यावर मोठी जागा घेतली, नाव तेच ठेवलं. चार नवे लेखक आले, त्यातली एक सुएझची परिचारिका, भुतांचं फार छान लिहिते. कासाब्लांकाहून मागणी आली. आणि सगळ्यांना दहावं पुस्तक हवं होतं.

मी नाही म्हटलं. ऐमन म्हणाला, "तू नको लिहूस. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. हाज्जांची परवानगी मात्र तूच आण."

हाज्जा तेव्हा दमनहूरला मुलीकडे राहायला निघाल्या होत्या. घर अर्धं रिकामं झालं होतं. मला वाटलं होतं, त्या हाकलून देतील. पण त्यांनी कागदावर सही केली.

"चालू दे," त्या म्हणाल्या. "ती अजून तरुण आहे. दुकान बंद करून काय करेल?"

"तुम्हाला प्रत पाठवीन."

त्यांनी भांडी कागदात गुंडाळणं थांबवलं नाही. "नको, पोरी. वाचून कोण दाखवणार? आणि मी चुकले तरी खूश कोण होणार?"

दहावं पुस्तक तांता शहरातल्या एका तरुण वकिलाने लिहिलं. हुशार आहे, कथानक घट्ट बांधतो. नबविया त्यात मोबाइल वापरते. मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासलं, स्वल्पविराम नीट केले, दोन ठिकाणी तिला थट्टा करायला लावली. नवव्यापेक्षा जास्त खपलं. हाज्जांकडे मी ते पाठवलेलं नाही. ईदला फोन करते तेव्हा आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो.