थांबाकाकांचा अर्थ

"काका, तुम्ही फळ्यावर आलात!"

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत सोमवारी सकाळी पाऊल टाकताच पाच-सहा जणांनी थांबाकाकांना घेरलं.

कपडे बदलायच्या खोलीत एक फळा होता. कामगारांच्या तोंडी नवा शब्द रुळला, की कुणीतरी तो अर्थासकट तिथे लिहायचं. ज्याला पटेल त्याने खाली खडूची रेघ ओढायची. शनिवारी सर्वांत जास्त रेघांचा अर्थ जाड वहीत शाईने उतरायचा, आणि नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पहिल्या दिवशी ती वही पडायची. फळा पुसता येतो, वहीचं तसं नाही.

काकांनी चष्मा लावला. अक्षर रॉकेटचं, म्हणजे कंपनीतल्या सर्वांत झटपट मेकॅनिकचं.

'थांबाकाका करणे : झालेलं काम उगाच पुन्हा तपासत बसणे. उदा. ती हो म्हणाली ना? मग आता थांबाकाका काय करतोस!'

खाली एकोणीस रेघा.

आता हे अगदीच खोटं होतं असंही नाही. दुरुस्ती संपली, की लिफ्ट सुरू करण्याआधी काका हात वर करून "थांबा!" म्हणायचे आणि पहिल्या स्क्रूपासून पुन्हा बघायचे. स्वतःच्या लग्नात सही करतानाही त्यांनी "थांबा" म्हणून सगळा कागद दुसऱ्यांदा वाचला आणि तेवढ्या वेळात सासऱ्यांचे केस पांढरे झाले, असं कंपनीत शपथेवर सांगत. सासऱ्यांना मुळात टक्कल होतं, ही गोष्ट वेगळी.

"हसा की काका!" रॉकेट म्हणाला. काकांच्या हाताखालीच शिकलेला, आता त्यांच्या दुप्पट कामं उरकणारा.

"हसतोय ना," काका म्हणाले. दोन महिन्यांनी निवृत्ती. चौतीस वर्षांच्या नोकरीमागे उरणार काय, तर टिंगलीची एक ओळ, तीही शाईत.

घरी बायको म्हणाली, "मी इतकी वर्षं तेच म्हणतेय, तेव्हा नाही ते झोंबलं?" मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "पण मी म्हणणं वेगळं. त्यांनी लिहून ठेवायचं काय कारण?"

काकांनी मनाशी ठरवलं, शनिवारपर्यंत एकदाही थांबायचं नाही. अर्थच खोटा पाडायचा.

बुधवारी इस्पितळातल्या लिफ्टचा ब्रेक त्यांनी असा काही झपाट्याने बसवला, की घड्याळाचाही स्वतःवर विश्वास बसेना. ब्रेकची पेटी बंद केली नि ओरडले, "चालू!"

समोर स्ट्रेचरवर पेशंट घेऊन सिस्टर उभ्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मी नाही नेणार पेशंट. थांबाकाका झालं नाही अजून."

"काय झालं नाही?"

"परत एकदा बघणं हो! आमच्या वॉर्डात सगळे तसंच म्हणतात. सुई टोचायच्या आधी एकमेकींना विचारतो, थांबाकाका केलंस का? इथली लिफ्ट दुरुस्त करताना तुम्ही करता ना, तुमच्याकडूनच तर उचललं."

काकांनी पेटी उघडली आणि पहिल्या स्क्रूपासून सुरुवात केली. सापडलं काहीच नाही. सगळं जिथल्या तिथे होतं. पण सिस्टरनी तेवढ्यात फळ्याची सगळी हकीकत त्यांच्याकडून काढून घेतली.

शनिवारी दुपारी रॉकेटने शाईचं पेन उघडलं, तोच दारात वॉर्डाची पलटण हजर. सिस्टर, दोन आया, औषधं देणारा आणि कुबड्या घेतलेला एक पेशंट. सिस्टरनी खडू उचलून रॉकेटच्या अर्थाखाली लिहिलं, 'थांबाकाका करणे : दुसऱ्याचा जीव आपल्या हातात आहे म्हणून पुन्हा एकदा बघणे.'

"बाहेरच्यांना मत नाही," रॉकेट म्हणाला.

"का? शब्द आम्ही रोज वापरतो. तू कधीमधी."

"बरं, चूक सापडते तरी किती वेळा?"

"आमच्या वॉर्डात वर्षातून दोनदा," सिस्टर म्हणाल्या.

"दोनदाच?"

"त्या दोघांना जाऊन विचार, दोनदाच का म्हणून."

मग कुबडीवाल्याने पहिली रेघ ओढली. मागून एकेक मेकॅनिक उठला, वरची आपली रेघ बाहीने पुसली आणि खाली ओढली. सांगणारे सांगतात, रेघा फळा ओलांडून भिंतीवर गेल्या आणि खडू मागवायला माणूस धाडावा लागला. वर एकच रेघ उरली, रॉकेटची. त्याने फळ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि तीही पुसली.

टाळ्यांनी पत्रे हादरले. सिस्टरचा अर्थ वहीत उतरला. रॉकेट पेन मिटणार, तोच काका म्हणाले, "तुझाही लिही. दोन नंबरला."

"काका, जाऊ द्या ना आता."

"बोलतात ना लोक तसं? मग लिही. नाहीतर वही खोटी पडेल."

रॉकेट मान खाली घालून लिहू लागला. जाड वहीचं पान सारखं उलटत होतं, ते काकांनी बोटाने दाबून धरलं.