वरून करपा, मुळाशी हुमणी

मित्रांनो, मी एक जुनी हिरवळ आहे, आणि माझा जीव चालला आहे. गोड बोलायची माझी ताकद संपली. जे झालं ते सरळ सांगते.

कुरुंद्याच्या रस्त्याला शेषरावांचं मंगल कार्यालय आहे. त्याच्या अंगणात मी राहते. नर्सरीतून पोत्यात कोंबून माझे ठोंब आले, तेव्हा अंगण राखायला ठेवलेल्या पद्माबाईनं बोटानं माती उकरून एकेक ठोंब टोबला. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून हसल्या होत्या. "काय बाई जमाना! आमी जलमभर गवत खुरपून मेलो, अन् हे इकत आणून लावून राहिले!"

हसू द्या. पहिल्याच लग्नात वराकडची मंडळी चपला काढून माझ्यावर चालली. "मखमल हाय, मखमल!" म्हणाली. मला गर्व झाला. त्यानंतर किती मांडव पडले अन् उठले. खुर्च्यांचे पाय माझ्यात रुतले, वरातीतल्या पोरांनी नाचून मला तुडवलं, जिलबीच्या पाकावर मुंग्यांची रांग लागली, पाहुण्यांनी पान खाऊन माझ्यावरच पिंक टाकली. कुत्रं मुतून गेलं की तिथं पिवळा चट्टा पडायचा. पद्माबाई त्यावर बादलीभर पाणी ओतायची. शेषराव मशीनवाल्याला "बारीक काप, हजामत कर" म्हणायचे अन् मी उन्हात भाजायची. तरी मी फुटायची. मुळं शाबूत होती ना!

यंदा उन्हाळ्यात शेषरावांनी ट्रॉलीभर शेणखत माझ्यावर पांगवलं. अर्धं कच्चं होतं. त्यातूनच हुमणीच्या अळ्या आल्या. पाऊस पडला तसे हुमणीचेच भुंगेरे कडुनिंबावर जमले, पाला खाल्ला आणि माझ्या मातीत अंडी घालून गेले. पांढऱ्या, जाड, तांबूस डोक्याच्या अळ्या अंग मुडपून माझ्याखाली बसल्या आणि मुळं कुरतडू लागल्या. वरून मी हिरवी होते, खालून संपत होते. तुमच्या पायाखाली कुणी मरून राहिलं तर तुम्हाला कळतं का? नाही कळत.

भादव्यात चट्टे पडले. पद्माबाई घाबरून म्हणाली, "मालक, गवत करपून राहिलं."

तिला म्हणायचं होतं, उन्हानं वाळल्यासारखं दिसतंय. पण शेषराव हळदीचे शेतकरी. या मुलखात 'करप' एवढं कानावर पडलं की माणूस दुकानाकडं पळतो. करपा म्हणजे हळदीच्या पानावरचा रोग, आणि त्याचं औषध ठरलेलं.

"वैजनाथ, करपा आला. लवकर दे."

औषधवाल्या वैजनाथनं पीक कोणतं, पानावर ठिपके आहेत का, काही विचारलं नाही. "हे घ्या काका, दरसालचंच." झालं! ठिपका नाही अन् डाग नाही, तरी पंप पाठीवर घेऊन मला औषधानं न्हाऊ घातलं. फरक पडेना म्हणून पुन्हा घातलं. पद्माबाईला वाटलं, मी तहानलेली आहे. तिनं नळी सोडली. वरून औषध, खालून चिखल, आणि अळ्या मजेत. मी ओरडत होते, अरे, मूठभर गवत धरून ओढा तरी! गवताचं ओरडणं कोण ऐकतं?

साळुंक्यांना कळलं. बगळ्यांना कळलं. ते येऊन माती टोकरायचे, अळी ओढून काढायचे. माझे डॉक्टर होते ते! शेषरावांनी चमकत्या पट्ट्या बांधल्या, फटाके लावले. "ह्या बगळ्यांनीच लॉन उकरलं," म्हणाले. डॉक्टर हाकलले आणि रोग घरात ठेवला.

मग शेषरावांनी निकाल दिला. "तुळशीचं लगीन झालं की लग्नाच्या तारखा हायत. गट्टू बसवू सिमेंटचे. ना पाणी, ना करपा."

"मंग बोर्डावर 'लॉन्स' काहून लिवलं?" पद्माबाईनं विचारलं.

"लोकं जेवायला येतेत बाई, बोर्ड वाचायला न्हाई."

"अन् मी काय करू?"

"गट्टू झाडा."

थावरा नावाचा मजूर फावडं घेऊन आला. पहिलाच घाव घातला आणि माझा अख्खा तुकडा गोधडीसारखा त्याच्या हातात आला. मूळ नव्हतंच. खाली अळ्या वळवळत होत्या.

"मालक, ही तर हुमणी! उसातली, हळदीतली, तीच!"

शेषरावांनी वाकून पाहिलं. "गवताला कुठं हुमणी लागती का?"

"तिला कुणी सांगितलं व्हतं का, हे गवत हाय, खाऊ नको म्हणून?" पद्माबाई कडाडली. "मी म्हणलं करपून राहिलं. तुमी करपा ऐकला."

"मंग तुमी काहून ओढून पायलं न्हाई?"

"तुमी पायलं का?"

जलमभर हुमणीशी झगडलेली माणसं ही! मला पाहिलं ते फक्त वरून.

"कडंचं गवत अजून जिवंत हाय," पद्माबाई म्हणाली. "हुमणी मारायची ती बुरशीची पावडर तुमच्या घरी हायच की. कुजलेल्या खतात कालवून टाका."

"माल आला बाई. गडी बसून हायत."

औषध घरात, रोग डोळ्यासमोर, तरी गट्टू! याला मी काय म्हणू? अर्धं अंग सिमेंटखाली गेलं आहे. खालच्या मातीत आता श्वास नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेपुढं, दवाखान्यापुढं माझ्या बहिणी असतील. पिवळ्या दिसल्या तर आधी औषध आणू नका, पाणी तुंबवू नका, पाखरं हाकलू नका. मूठभर गवत धरा आणि ओढा. घट्ट असेल तर दुसरं कारण शोधा. गोधडीसारखं उचललं गेलं तर खाली बघा. कच्चं शेणखत कधी टाकू नका. एवढंच करा. आमच्यावर उपकार म्हणून नको, डोळे आहेत म्हणून करा.

पद्माबाई रॉकेलच्या पाण्याची बादली घेऊन माझ्या कडेला बसली आहे. एकेक अळी वेचून टाकून राहिली आहे. "सोडा आता बाई," शेषराव म्हणाले. तिनं आणखी एक अळी बादलीत टाकली. गट्टू ठोकल्याचा आवाज जवळ येतो आहे आणि तिची बोटं माझ्या मुळांत चालली आहेत.