काळजीवाहू विभागप्रमुख

तुलनात्मक राजकारण विभागाच्या प्रमुखांनी यंदाही राजीनामा दिला आणि यंदाही ते पद फिरून त्यांच्याच गळ्यात पडलं. नियम त्यांनीच मोठ्या हौसेने केला होता: नवा प्रमुख निवडून येईपर्यंत जुन्याने कारभार पाहायचा. पण निवडायचा कसा, यावरच घोडं अडलेलं. दोनच पक्ष असलेल्या देशांवर पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना सरळ मतदान हवं होतं. आघाडी सरकारांच्या अभ्यासकाला पद आळीपाळीने हवं होतं. अर्थनीती शिकवणारा म्हणे, आधी विभागाचं बजेट ठरवा, मग माणूस. तिघांची तोंडं तीन दिशांना.

“अहो, चिठ्ठ्या टाका एकदाच्या!” प्रमुख खेकसले.

“सर, चिठ्ठ्या ही काय लोकशाही झाली?” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात खिडकीखाली विद्यार्थी जमले आणि घोषणा सुरू झाल्या. “वर्षानुवर्षं एकच प्रमुख! खुर्ची सोडा, खुर्ची सोडा!”

प्रमुखांचा चेहरा उजळला. त्यांच्या मनातलं इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं. ते धावत खिडकीशी गेले आणि गज धरून ओरडले, “बरोबर बोलताय! जोरात, अजून जोरात!”

तिघांनी त्यांना मागे ओढलं, खिडकी लावून घेतली आणि खांद्याला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. अर्थनीतीवाल्याने पाण्याचा पेला पुढे केला.

“घाबरू नका, सर,” बाई म्हणाल्या. “यावर तरी आम्हा तिघांचं एकमत आहे. तुम्हाला इथून कुणी हलवू शकत नाही.”