चुलीवरचा बोरू

छपराचे भोक बुजायला बोरूची एक पेंढी कमी पडली, तेव्हा ताई शिडीच्या मधल्याच पायरीवर बसून राहिली. जन्मभर तिने लोकांची छपरे शाकारली आणि स्वतःचे मात्र दरवेळी पुढच्या वर्षावर ढकलले. आता ढग डोक्यावर आले होते आणि भोक नेमके तिच्या अंथरुणाच्या वर होते.

पाणथळीत बोरू पुष्कळ होता, पण हिरवा. हिरवा बोरू छपरावर घातला की कुजतो. थंडीत कापून वाळवलेलाच लागतो. तसा आता घरात फक्त धाकट्या भावाकडे उरला होता. भाऊ पिपाण्या बनवायचा, म्हणून ताई त्याला फुंक्या म्हणे. कापणी झाली की बोरूची वाटणी ठरलेली: जाड तो छपराला, बारीक तो चटयांना आणि टणक, गुळगुळीत सालीचा फुंक्याला. त्यातून तो पिपाणीच्या तोंडाची पातळ पत्ती तासायचा. ती पत्ती थरथरते तेव्हाच पिपाणी बोलते.

"फुंक्या, तुझी पेंढी दे."

"ताई, वर्षभराचा माल आहे तो."

"मग रात्री माझ्या अंगावर पाणी गळेल तेव्हा उशाशी बसून पिपाणी वाजव. निदान करमणूक होईल."

फुंक्याने तिचे सुजलेले गुडघे पाहिले, आत जाऊन पेंढी आणली आणि ती खांद्यावर टाकून म्हणाला, "उतर खाली. मी चढतो."

"तू? तुला स्टुलावर घेरी येते."

"येऊ दे. तू खालून सांग."

ताई घरात गेली, अर्धवट विणलेल्या चटईवर टेकली आणि भोकातून सांगू लागली.

"बुडखा खाली, शेंडा वर. हां. आता सुंभ आवळ. अजून. अरे, उलटी घातलीस बघ. सोड, पुन्हा बांध."

"एवढ्यानं काय होतंय?"

"पाणी आत शिरतं, आणखी काय. सोड."

त्याने सोडली. कडेचा सडका बोरू उपसता उपसता त्याचा हात चुलीच्या बरोबर वरच्या छपराकडे गेला आणि थबकला. इतक्या वर्षांच्या धुराने तिथला बोरू चहाच्या रंगाचा झाला होता. त्याने टिचकी मारली, तर टणकन वाजला.

"ताई, हा माझ्या पेंढीतल्याहून सरस निघाला. पत्त्यांसाठी मूठभर काढू का?"

"म्हणजे आणखी एक भोक."

"माझी पेंढी मोठी आहे गं. उरेल तो तिथे घालतो."

ताईने डोळे मिटले. आणखी एका भोकाच्या नुसत्या विचाराने तिची पाठ भरून आली. "काढ बाबा. पण आधी अंथरुणावरचं बुजव, मग तुझं गाणं."

वर सुंभ करकरत राहिला. बऱ्याच वेळाने फुंक्या म्हणाला, "ताई, ही ओळ बरोबर आली का बघ."

उत्तर आले नाही. उरलेल्या फटीतून त्याने खाली डोकावले. ताई चटईवर कुशीला वळून झोपली होती, मुठी अजून सुंभ धरल्यासारख्या आवळलेल्या.

त्याने ओळ स्वतःच निरखली. शेंडे खाली आले होते. त्याने गाठ सोडली, बोरू फिरवला आणि पुन्हा बांधायला घेतला.